काळा पडलेला बादशहा

"मॅडम, मेरा बादशाह काला हो गया."

फोनवर अबू माजिद होते. सकाळची घाई. दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये मी मुलीचा डबा भरत होते. अबू माजिद इमिराती, वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्या वडिलांचं खाडीपलीकडच्या जुन्या बाजारात, देऱ्यात, मसाल्याचं दुकान होतं आणि आजूबाजूला सगळे गुजराती, सिंधी व्यापारी. त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार आहे. फक्त चिडले की ते वाक्यं तोडतात.

"कौनसा बादशाह?" मी विचारलं.

"हेड्रियन! और कौन? परसों पीला था. आज भूरा. एक तो नीला हो रहा है. ओपनिंग अगले हफ्ते है. आप आओ. अभी."

हातातली पोळी तशीच ठेवून मी निखिलला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "इराला आज तू सोड." तो काही विचारण्याआधी मी टॅक्सी बुक केली होती.

माझं काम सांगते. मी मेटल कॉन्झर्व्हेटर आहे. म्हणजे जुन्या धातूच्या वस्तू खराब होऊ न देणं आणि झाल्या तर त्या आहेत तिथे थांबवणं. मूर्ती, तलवारी, दागिने, नाणी. पुण्यात केमिस्ट्री शिकले, मग याच विषयात पुढचं शिक्षण घेतलं आणि गेली बरीच वर्षं दुबईत अल कूझमधल्या एका प्रायव्हेट लॅबमध्ये आहे. इराच्या शाळेत एकदा मी "धातूंची डॉक्टर" असं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट से दॅट अगेन."

अबू माजिदांची नाणी महिन्याभरापूर्वी माझ्याच टेबलावरून गेली होती. प्रत्येक नाणं मी हातात घेतलं होतं, लेन्सखाली पाहिलं होतं, बोटांचा तेलकटपणा सॉल्व्हंटनं काढला होता. चांदी माझ्या हातून गेल्यावर काळी पडली, तर पहिला प्रश्न मलाच विचारला जाणार. टॅक्सीत तो मी स्वतःलाही विचारत होते. ग्लोव्हज कुठले होते? सॉल्व्हंटची बाटली नवी होती की उघडलेली? खाडीपलीकडे जाईपर्यंत मी ते सगळं काम मनात तीनदा पुन्हा केलं.

प्रदर्शन देऱ्यात होतं. खाडीजवळचं एक जुनं घर दुरुस्त करून अबू माजिदांनी त्यात छोटा हॉल केला होता. मध्ये काचेची एक लांब केस, तीत चांदीची नाणी. भिंतीला दुसरी केस, तीत ब्राँझची. सगळी नाणी एकाच रोमन सम्राटाची, हेड्रियनची. त्यातही अबू माजिदांचा हट्ट असा, की त्याचं ग्रीकांवरचं प्रेम दिसेल तीच नाणी घ्यायची.

हे प्रेम नाण्यांवर खरंच दिसतं. हेड्रियनच्या आधीचे सम्राट गुळगुळीत दाढी केलेले असत. हा ग्रीक विचारवंतांसारखी दाढी राखून नाण्यावर आला. त्यानं अथेन्समध्ये शतकानुशतकं अर्धवट पडलेलं झ्यूसचं देऊळ पुरं केलं. आज तुर्कस्तान म्हणतो त्या भागातल्या ग्रीक शहरांमध्ये त्यानं मोठी, जड चांदीची नाणी पाडली. एका बाजूला हा स्वतः. दुसऱ्या बाजूला त्या त्या शहराचा देव किंवा देवी, तिथल्या देवळात होती तशीच. अक्षरं लॅटिन, देव ग्रीक. एका नाण्यावर तर तो स्वतः हातात धान्याच्या ओंब्या घेऊन उभा आहे. अथेन्सजवळच्या एका गुप्त पूजाविधीची त्यानं दीक्षा घेतली होती, त्याची ही खूण, असं जाणकार म्हणतात. रोममधले लोक त्याला तरुणपणी 'ग्रीकडा' म्हणून चिडवायचे.

ही गोष्ट अबू माजिद येईल त्याला सांगत. मग पुढे स्वतःचं जोडत. "मुझे मेरे कझिन लोग 'हिंदी' बोलते थे. मैं दुकान में दाल-चावल खाता था ना. उसको बोलते थे ग्रीक, मुझको बोलते थे हिंदी." अरबीत 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानी.

त्या दिवशी मात्र ते काही सांगण्याच्या मूडमध्ये नव्हते. केससमोर खुर्ची टाकून, हातात मिस्बाहा, म्हणजे त्यांची जपमाळ, घेऊन बसले होते. मणी भराभर सरकत होते.

"देखो," ते म्हणाले.

मी पाहिलं. पुढच्या ओळीतली नाणी सगळ्यात वाईट. एकाच्या दाढीवर तपकिरी झाक, गालावर जांभळट-निळा डाग. मागच्या ओळीतली नुसती पिवळसर. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या गंधकाचा चांदीशी संयोग होऊन वर पातळ थर बसतो. आधी पिवळा, मग तपकिरी, मग निळा, शेवटी काळा. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ते याचमुळे. पण त्याला महिने लागतात. इथे आठवड्यात झालं होतं.

ब्राँझची नाणी आधीच तपकिरी. त्यांच्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांच्याबद्दल काही कळतही नव्हतं.

"नाणी बाहेर काढते," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले.

"बाहर? ओपनिंग है!"

"पेशंटला आधी त्या खोलीतून बाहेर काढायला हवं. नंतर खोलीला काय झालंय ते बघू."

त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी किल्ली दिली. मी एकेक नाणं ट्रेमध्ये ठेवलं आणि माझ्या हवाबंद डब्यात घातलं. रिकाम्या केसमध्ये घासून चकचकीत केलेल्या शुद्ध चांदीच्या पट्ट्या ठेवल्या. मधोमध, मागे, पुढे दाराजवळ. एक केसबाहेर टेबलावर आणि एक माझ्या पर्समध्ये. आमच्याकडे ही साधी पद्धत आहे. पट्टी जिथे आधी काळी पडेल, चोर तिथे आहे.

पण त्याआधी माझ्यावरचा संशय उरला होता. तो दूर करायचा एकच मार्ग होता. अबू माजिदांची सगळी नाणी प्रदर्शनात नव्हती. काही घरी कपाटात होती. माझ्या टेबलावरून तीही त्याच दिवसांत, त्याच ग्लोव्हजनी गेली होती.

"ती आणाल का? मला बघायचीत."

"आपको अपने ऊपर शक है?"

"तुम्हालाही असेल. म्हणून बघू."

ते स्वतःच गेले. ड्रायव्हरच्या हाती नाणी देत नाहीत. ते परत येईपर्यंत मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. खिडकीतून खाडीवरच्या ढाव, म्हणजे मालाच्या लाकडी होड्या, दिसत होत्या. कुणीतरी फ्रीज आणि टायर चढवत होतं. मला बसवत नव्हतं. नबीलला, माझ्या बॉसला, फोन लावला. तो लेबनीज, धंद्यात हुशार आणि भांडणाला घाबरणारा.

"हबीबती, टेन्शन घेऊ नकोस," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "ह्युमिडिटी म्हण. खाडी आहे, दमट हवा आहे. सगळे मानतील."

"ह्युमिडिटीनं इतकी झपाट्यानं काळी पडत नाहीत."

"तुला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

अबू माजिद डबी घेऊन आले. मी एकेक नाणं उघडलं. जशी दिली होती तशीच होती, जुन्या चांदीच्या मऊ राखाडी रंगाची. माझे खांदे पहिल्यांदा खाली आले. त्यांनीही एक नाणं उचलून उजेडात धरलं आणि माझ्यासाठी करक, म्हणजे दाट कडक चहा, मागवला.

म्हणजे दोष केसमध्ये होता. पण केसमध्ये कशात?

पहिला संशय तळाच्या करड्या कापडावर होता. लोकरीच्या कापडात गंधक असतं. माझ्याकडे एक छोटी टेस्ट आहे. वस्तूचा केसाएवढा तुकडा काचेवर ठेवायचा, त्यावर एका द्रावणाचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. गंधक असेल तर थेंबात बारीक बुडबुडे उठतात. कापडाचा तुकडा टाकला. काही नाही. पॉलिएस्टर निघालं. केसच्या आतल्या रंगाची खपली टाकली. काही नाही. नाणी टेकवलेले ॲक्रिलिकचे स्टँड, तेही स्वच्छ. दुपारपर्यंत माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं आणि अबू माजिद दर थोड्या वेळानं येऊन विचारत होते, "कुछ मिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केस उघडली. मधली पट्टी चकचकीत. मागची जवळजवळ तशीच. टेबलावरची आणि पर्समधली स्वच्छ. दाराजवळच्या पट्टीची कड पिवळी.

दार. मी दाराच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवरून बोट फिरवलं. फ्रेमच्या खाचेत आत बसवलेली सीलची पट्टी असते. दार लावलं की ती दबते आणि हवा आत शिरत नाही. केस बनवण्याआधी मी ज्या सँपलला अप्रूव्हल दिलं होतं, ती पट्टी दुधी सिलिकॉनची होती. खाचेमुळे बाहेरून ती दिसत नाही. मी चिमट्यानं टोक पकडून ओढलं.

काळी निघाली.

केसाएवढा तुकडा कापला, थेंब टाकला. मायक्रोस्कोपखाली बुडबुड्यांची जत्रा उसळली.

रबर घट्ट आणि लवचीक व्हावं म्हणून त्यात गंधक घालून ते तापवतात. टायर तसेच बनतात. त्यातलं उरलेलं गंधक हळूहळू हवेत सुटत राहतं. उघड्यावर ते उडून जातं. बंद केसमध्ये जाणार कुठे? केस जितकी उत्तम, जितकी घट्ट, तितकी आतली हवा वाईट. आम्ही त्या बादशहाला फार काळजीनं एका विषारी खोलीत कोंडलं होतं.

केस बनवणाऱ्या कंपनीचं वर्कशॉप जबल अली बंदराजवळ. त्यांचा साइटवरचा माणूस साळवी. चिपळूणकडचा, पंचेचाळिशीचा, कामाला चोख. केस बसवताना आम्ही दोघं मराठीत बोलायचो म्हणून नबील आम्हाला 'माफिया' म्हणायचा. मी साळवींना फोन केला, म्हटलं, एकटे या. हॉलच्या गल्लीत एक मल्याळी कॅफेटेरिया आहे, तिथे बसलो. मी टिश्यूत गुंडाळलेला काळा तुकडा टेबलावर ठेवला.

त्यांनी तो उघडलाही नाही. ओळखला.

"मॅडम, सिलिकॉन जबल अलीत कंटेनरमध्ये अडकलं होतं. क्लिअरन्स होत नव्हता. बॉसला सांगितलं. तो म्हणाला, यल्ला, चलो, जो मिलता है वो लगाओ, डिलिव्हरी डेट है. मी देऱ्यातून हार्डवेअरच्या दुकानातून हे घेतलं. चांगल्या क्वालिटीचं होतं. मला काय माहीत, रबर चांदीला लागतं?"

"मला फोन करायचा होता."

"करणार होतो. बॉस म्हणाला, कन्सल्टंटला विचारलं की अजून दोन हप्ते जातील." चहाचा कप ते हातात फिरवत होते. "तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिणार?"

"रबर होतं हे लिहावंच लागेल."

"मग बॉस म्हणेल, साळवीनं परस्पर बदललं. त्यानं तोंडी सांगितलंय. मुलाची दहावी आहे ताई, मार्चमध्ये. आता व्हिसा कॅन्सल झाला तर कुठे घेऊन जाऊ त्याला?"

मॅडमची ताई झाली होती. मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी रागही आला. मी म्हटलं, "तुमचं नाव मी लिहिणार नाही. काय वापरलं ते लिहीन. कुणी वापरलं हा माझा विषय नाही."

ते जरा सैल झाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बरं झालं, रोल संपला. उरलेला शारजात लागला."

"शारजात कुठे?"

त्यांच्या लक्षात आलं. पण आता बोलून गेले होते. शारजात स्थानिक बायकांच्या एका संस्थेचं प्रदर्शन होतं. जुने लग्नातले चांदीचे दागिने. गळ्यातले जड हार, पैंजण, कपाळावरचे अलंकार. संस्थेचं स्वतःचं त्यात काही नव्हतं. घराघरांतून मागून आणलेले होते. कुणाच्या आजीचे, कुणाच्या पणजीचे. त्यांनाही काचेच्या छान घट्ट केसेस केल्या होत्या.

"कधी लावलं?"

"मागच्या आठवड्यात."

मी चहा अर्धा टाकून उठले. "साळवी, ते आज निघायला हवं."

"माझ्या हातात नाही, ताई. बॉसच्या परमिशनशिवाय साइटला हात लावता येत नाही."

"किल्ल्या कुणाकडे आहेत?"

किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. मेंटेनन्स त्यांचाच होता.

लॅबमध्ये येऊन मी नबीलला सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. "अबू माजिदांचा रिपोर्ट दे. त्यात 'एन्व्हायर्न्मेंटल फॅक्टर्स' लिही. रबर बदला म्हणून तोंडी सांग. शारजाचं विसर."

"का?"

"तिथे आपला कॉन्ट्रॅक्ट नाही. कुणी विचारलेलं नाही. आणि ती केसवाली कंपनी आपल्याला वर्षभर काम देते. तू त्यांच्याविरुद्ध दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलणार?"

"त्या बायकांचे दागिने काळे पडतील."

"काळे पडले की त्या आपल्यालाच बोलावतील," नबील म्हणाला. तो विनोद करत होता. मला हसू आलं नाही. मग तोही गंभीर झाला. "केतकी, मी वाईट माणूस नाही. पण इथे पंधरा लोकांचे पगार आहेत."

तो खरंच वाईट माणूस नाही. म्हणूनच घरी जाताना मी जास्त बेचैन होते. मेट्रोत उभी राहून मी मनात रिपोर्टची वाक्यं जुळवत होते. एकदा 'रबर' लिहीत होते, एकदा खोडत होते. जेवताना निखिलला सांगितलं. तो अकाउंट्समधला. म्हणाला, "तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे तसा साळवींच्याही आहे. तू खरं लिही, पण शारजाला आपणहून फोन करू नकोस. लीगली अडचण येईल." इरा मध्येच म्हणाली, "बट मम्मा, इफ यू नो, यू नो, राइट?" आणि परत मोबाइलमध्ये गेली. तिला वाटत होतं तेवढं ते सोपं नव्हतं. पण ताटं उचलताना मी तिचंच वाक्य घोळवत होते.

सकाळी मी नबीलला मेसेज केला की रिपोर्टमध्ये मी रबर लिहिणार आहे, आणि शारजाचं अबू माजिदांना सांगणार आहे, पुढचं ते बघतील. त्याचा रिप्लाय आला नाही. मी देऱ्याला गेले.

अबू माजिदांना आधी रबर समजावलं. काचेवर थेंब टाकून बुडबुडे दाखवले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि अरबीत काहीतरी पुटपुटले. ते बहुतेक मी ऐकण्यासारखं नव्हतं.

"किसने लगाया?"

"कंपनीनं लावलं."

"कंपनी के हाथ नहीं होते. आदमी के होते हैं."

"मी ते सांगणार नाही. पण अजून एक गोष्ट सांगायची आहे."

मी शारजाचं सांगायला तोंड उघडलं आणि दार वाजलं. साळवी आत आले. शर्टावर घामाचे डाग, हातात मोठी प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ अबू माजिदांसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, वो रबर मैंने लगाया. बॉस ने बोला था, लेकिन हाथ मेरा था." "शारजा में भी लगाया था. अभी सुबह जाके निकाल दिया. उधर के मॅनेजर मॅडम को बोल दिया, केस का दरवाजा खुला रखो, दागिना अंदर मत रखो." घाईत 'दागिना' मराठीच राहिला. त्यांनी पिशवी उपडी केली. काळ्या पट्ट्यांचं वेटोळं जमिनीवर पडलं.

"बॉस को पूछा?" अबू माजिदांनी विचारलं.

"नहीं, सर."

मला वाटलं, आता अबू माजिद काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते भडकले होते. त्यांची नाणी खराब झाली होती आणि समोरच्यानं ते कबूल केलं होतं. ते म्हणाले, "तुमने मेरा पच्चीस साल का काम खराब किया." साळवी मान खाली घालून उभे राहिले. मग अबू माजिदांनी फोन काढला आणि साळवींच्या बॉसला लावला. अरबीत बरंच बोलले. मला अर्धं कळलं. शेवटी हिंदीत म्हणाले, बहुधा आम्हाला ऐकू यावं म्हणून, "तुम्हारे आदमी ने आके सच बोला. तुमने नहीं बोला. इसको निकाला, तो मैं सबको बताऊँगा किसने क्या बोला था. खलास."

साळवी पिशवी उचलून निघून गेले. जाताना मला म्हणाले, "रात्रभर झोप नाही लागली, ताई." बस, एवढंच.

आता नाण्यांचा प्रश्न होता. अबू माजिद माझ्याकडे वळले. "साफ कर दो. चमका दो. ओपनिंग तक हो जाएगा?"

"होईल. पण करू नये, असं माझं मत आहे."

"क्यों?"

काळा थर म्हणजे वर बसलेली धूळ नाही. तो चांदीचाच बनलेला असतो. तो काढला की नाण्याच्या कातडीचा एक अतिशय पातळ पापुद्रा त्याच्याबरोबर जातो, आणि खालून पांढरी, कच्ची, कालच पाडल्यासारखी चांदी वर येते. शिवाय घाईत काढला तर जास्तच जातो. हे मी सांगितलं. त्यांना पटत नव्हतं. पाहुणे बोलावलेले, पत्रिका गेलेल्या.

मग मी सगळ्यात काळं नाणं मायक्रोस्कोपखाली ठेवलं. "हेड्रियनच्या मानेमागे बघा. तिरकं."

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. "नाक है. किसी और का."

हेड्रियननं ही मोठी नाणी पाडताना नवी चांदी फारशी घेतलीच नव्हती. दीडशेक वर्षांपूर्वीची जुनी नाणी गोळा करून त्यांच्यावरच नवा ठसा मारला. ठसा नीट बसला नाही, की खालचं जुनं नाणं डोकावतं. कुठे अर्धं अक्षर, कुठे कपाळ. या नाण्यावर आधीच्या एका सम्राटाचं, बहुतेक ऑगस्टसचं, पुसटसं नाक उरलं होतं. केसाएवढ्या जाडीचा उठाव. ऑगस्टस दाढी न राखणारा, पक्का रोमन. त्याच्या डोक्यावर या दाढीवाल्यानं स्वतःला छापून घेतलं होतं.

"मी घासलं तर दाढी राहील," मी म्हणाले. "ती उंच आहे. हे नाक राहील की नाही, सांगता येत नाही."

अबू माजिद सरळ झाले. मिस्बाहा खिशात ठेवली. "ये मुझे मालूम नहीं था," ते म्हणाले. "पच्चीस साल से मेरे पास है." त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. पुन्हा वाकून त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "छोड़ दो. काला ही दिखाएँगे."

नवीन सिलिकॉन साळवींच्या कंपनीनं दुसऱ्या सप्लायरकडून आणलं. या वेळी सीलचा तुकडा मी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिला. केसेस उघड्या ठेवून पंख्यानं वारा दिला, मग पुन्हा चांदीच्या पट्ट्या ठेवल्या. पट्ट्या स्वच्छ राहिल्या तेव्हा नाणी आत गेली. ओपनिंग ठरल्या दिवशी झालं. पाहुण्यांनी काळ्या-निळ्या नाण्यांकडे बघून "किती जुनी वाटतात!" असं कौतुक केलं. अबू माजिदांनी कुणालाही दुरुस्त केलं नाही. त्या एका नाण्यासमोर त्यांनी भिंग लावून घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकायला लावून नाक दाखवलं.

पुढे काय झालं ते सांगते. प्रदर्शन संपल्यावर मी ती नाणी सवडीनं, एकेक करून, जेवढा नवा डाग होता तेवढाच हलका केला. नाकवाल्या नाण्याला हात लावला नाही. शारजाच्या दागिन्यांपैकी दोन हार किंचित पिवळे झाले होते, बाकी वाचले. तिथल्या मॅनेजर बाईंनी रीतसर आम्हाला काम दिलं, म्हणजे नबीलचा विनोद खरा ठरला. केसवाल्या कंपनीनं मात्र आम्हाला वर्षभर एकही काम दिलं नाही. नबील दोन महिने माझ्याशी फक्त ईमेलवर बोलला. माझ्या टेबलापासून त्याची केबिन दहा पावलांवर आहे.

साळवींना काढलं नाही. साइटवरून हटवून जबल अलीच्या यार्डात पाठवलं, साइट अलाउन्स गेला. मुलगा दहावी इथूनच झाला. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मला वाटतं, ते माझ्यावर रागावलेले आहेत आणि त्यांना तो हक्क आहे. मी फक्त खरं लिहिलं. किंमत त्यांनी मोजली.

या सगळ्यातून मी शिकले ते अगदी कोरडं आहे. सँपल अप्रूव्ह करून गप्प बसू नये, बसवलेली वस्तू स्वतः ओढून बघावी. आता कुठल्याही म्युझियममध्ये गेले, की लोक काचेतून आत बघतात आणि मी वाकून दाराच्या खाचेत बघते. इरा अशा वेळी माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहते.